विकणे आहे : एक जुनी, उघड्या टपाची गाडी

आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींत 'गृहकृत्यदक्ष' किंवा 'अनुरूप' हे शब्द वाचले की जाणकाराला त्यामागचं बरंच काही कळतं. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांच्या जाहिरातींची अशीच एक ठरलेली भाषा आहे. तिचा एक नमुना मी जुळवून देतो : 'एमजीबी रोडस्टर, १९७२. क्रोमचे बंपर, वायरची चाकं. हिवाळ्यात कधीच बाहेर काढलेली नाही. १९९४ मध्ये नवी हेरिटेज बॉडी. कागदपत्रांची जाड फाइल सोबत. नाइलाजाने विक्री.'

वाक्यं सहा. पण यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या घटनेतून आलेला आहे. कुठे अमेरिकन सरकारचा कायदा आहे, कुठे बंद पडलेला कारखाना, कुठे इंग्लंडच्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ. आणि 'नवी बॉडी' या दोन शब्दांमागे तर एक असा प्रश्न आहे, जो शेवटी लंडनच्या हायकोर्टात एक कोटी पौंडांच्या गाडीसाठी सोडवावा लागला.

आधी नाव. एमजी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हेक्टर येणार. २०१९ पासून गुजरातमधल्या हालोलमधून बाहेर पडणारी ती भलीथोरली एसयूव्ही. तिच्या नाकावरचा अष्टकोनी बिल्ला मात्र शंभर वर्षं जुना आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधला विल्यम मॉरिस या उद्योगपतीचा गाड्या विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा व्यवसाय. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर साध्यासुध्या मॉरिस गाड्यांवर चटपटीत, हलक्या बॉड्या चढवून विकू लागला आणि १९२० च्या दशकात त्यातूनच एक वेगळी कंपनी उभी राहिली. १९२९ साली ती जवळच्या ॲबिंग्डन गावात गेली आणि पुढची पन्नास वर्षं तिथेच राहिली. किंबरला १९४१ मध्ये कंपनीतून बाहेर पडावं लागलं आणि १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात झालेल्या रेल्वे अपघातात तो गेला. त्याच वर्षी युद्ध संपलं, आणि त्याच्या गाडीचं खरं भाग्य त्यानंतर उजळलं.

युद्धानंतरचं ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं. डॉलर मिळवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. परदेशी माल विकाल तरच पोलाद मिळेल, असा सरकारचा कारखानदारांना स्पष्ट निरोप होता. एमजीने १९४५ मध्ये टीसी नावाची गाडी बाजारात आणली. लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, १२५० सीसीचं इंजिन, सायकलसारखी उंच, बारीक चाकं. तांत्रिकदृष्ट्या युद्धाआधीचीच गाडी. स्टिअरिंग फक्त उजवीकडे. तरीही सुमारे दहा हजारांपैकी दोनेक हजार गाड्या अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या लोकांनी त्या चुकीच्या बाजूला बसून हौसेने चालवल्या. डेट्रॉइटच्या गाड्या तेव्हा दिवाणखान्यासारख्या ऐसपैस होत्या. त्यांच्यापुढे ही गाडी म्हणजे खेळणंच. पण रस्ता तळव्यांना जाणवतो, वळण खांद्यांना कळतं, हे त्या खेळण्याने अमेरिकनांना शिकवलं. पुढची टीडी आली ती डाव्या स्टिअरिंगसह. सुमारे तीस हजार बनल्या, बहुतेक सगळ्या अटलांटिकपार गेल्या.

मग एमजीए, आणि १९६२ च्या लंडन मोटार प्रदर्शनात एमजीबी. सिड एनेव्हर या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली तयार झालेली ही गाडी. आधीच्या एमजी रोडस्टरना वेगळी चासी असायची आणि वर बॉडी बसवलेली असायची. एमजीबीत बॉडी हीच चासी. सगळा पत्रा एकमेकांना वेल्ड करून बनवलेली एकसंध पेटी. त्यामुळे गाडी हलकी झाली, आत जागा वाढली. इंजिन १७९८ सीसीचं, दोन कार्बोरेटरचं, साध्या मिस्त्रीला समजेल असं. वेग ताशी शंभर मैलांच्या थोडा पुढे. फेरारीने हसावं असा आकडा. पण शाळामास्तर, नर्स, नुकती नोकरी लागलेला इंजिनिअर यांना परवडेल अशी ती स्पोर्ट्स कार होती आणि रोज कामावर नेता येत होती. अठरा वर्षांत उघड्या आणि बंद टपाच्या मिळून पाच लाखांहून जास्त बनल्या. ही संख्या पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवा.

आता 'क्रोमचे बंपर'. सत्तरच्या दशकात अमेरिकेने अपघात-सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक केले. कमी वेगाच्या धडकेत दिवे फुटता कामा नयेत आणि बंपर ठरावीक उंचीवर असले पाहिजेत, हा त्यातला एक. एमजीबीची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकाच होती. आणि नवी गाडी डिझाइन करायला मालक कंपनी ब्रिटिश लेलँडकडे पैसा नव्हता. मग १९७४ च्या अखेरीस गाडीच्या तोंडावर काळ्या प्लॅस्टिकचा जाडजूड बंपर चढवला आणि उंचीचा नियम पाळायला अख्खी गाडीच इंचभर वर उचलली. गुरुत्वमध्य वर गेला, वळणावर गाडी कलू लागली. अमेरिकेसाठीच्या इंजिनांना एकच कार्बोरेटर उरला आणि ताकद नव्वदच्या पुढून साठ-पासष्ट अश्वशक्तीवर आली. म्हणून आजही 'क्रोम' की 'रबर' हे शब्द किंमत ठरवतात. माझ्या मते यात रबरवाल्यांवर थोडा अन्याय आहे. शेवटच्या वर्षांतल्या गाड्या बऱ्याच सुधारल्या होत्या. पण बाजाराला न्यायाशी काय देणंघेणं!

त्याच काळात अमेरिकेत एक गमतीदार प्रकार घडला. सरकार आता उघड्या टपाच्या गाड्यांवर बंदीच आणणार, अशी हवा होती. तिथल्या कंपन्यांनी एकेक करत अशा गाड्या बंद केल्या आणि एप्रिल १९७६ मध्ये कॅडिलॅकने 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून एल्डोराडो वाजतगाजत कारखान्याबाहेर काढली. लोकांनी सोनं घ्यावं तशा या गाड्या घेऊन झाकून ठेवल्या. बंदी काही आली नाही. १९८४ साली कॅडिलॅकने पुन्हा कन्व्हर्टिबल आणली, तेव्हा 'शेवटची' घेऊन बसलेल्यांपैकी काहींनी कंपनीवर दावा लावला. तो टिकला नाही. जुनी गाडी ही गुंतवणूक आहे असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मला ही एल्डोराडो आठवते.

ॲबिंग्डनचा शेवट मात्र गमतीचा नव्हता. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने एमजीच्या वास्तव्याची पन्नास वर्षं साजरी केली. त्याला लागूनच, सोमवार १० सप्टेंबरला, ब्रिटिश लेलँडने जाहीर केलं की एमजीचं उत्पादन थांबणार. पौंड वधारला होता. ब्रिटनमध्ये पौंडात बनवून अमेरिकेत डॉलरमध्ये विकलेल्या प्रत्येक गाडीमागे शेकडो पौंडांचा तोटा होतो, असा कंपनीचा हिशेब होता. तो खरा की फुगवलेला, यावर एमजीप्रेमी आजही भांडतात. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एका गटाने कंपनी विकत घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याचे दरवाजे बंद झाले. पोलाद नीट वळवणारे, गाडीचा आवाज ऐकून दोष सांगणारे लोक घरी गेले. गाड्या मात्र रस्त्यावर होत्या, लाखोंच्या संख्येने.

कारखाना गेला की गाडीचं काय होतं? पहिली दहा वर्षं ती स्वस्त होते. विद्यार्थी घेतात, बेपर्वाईने वापरतात. मग तिला गंज खातो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी चाकांवरून उडून पत्र्याच्या घड्यांत जाऊन बसतं. मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्याला खिडकीच्या गजांवरून या प्रकाराची कल्पना येईल. एमजीबीत हा गंज सर्वांत आधी दाराखालच्या सिलमध्ये शिरतो. सिल म्हणजे दाराच्या उंबऱ्याखालची लांब पोकळ पेटी. आतून-बाहेरून तीन-चार थरांचा पत्रा. बंद गाडीत छत भार उचलायला मदत करतं. इथे छतच नाही, म्हणजे गाडीचा सगळा कणा या दोन पेट्यांत. त्या कुजल्या की गाडी मधोमध वाकते.

जाणकार गिऱ्हाईक आधी इंजिनकडे बघतच नाही. तो गाडी जॅकवर घेतो आणि दार उघडून पुन्हा लावून पाहतो. दाराची वरची फट अरुंद झाली असेल, तर कणा गेलेला. मग खिशातून छोटं लोहचुंबक काढतो. पत्र्यावर ते चिकटतं, पुट्टीवर चिकटत नाही. नव्या रंगाखाली पत्र्याच्या जागी पुट्टी भरलेल्या गाड्या त्याने पाहिलेल्या असतात. कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा ठोकून रंगवलेल्याही. त्यानंतर ब्रेक दाबून चाक पुढे-मागे हलवून बघतो. वायरच्या चाकाच्या तुंब्यातले दाते झिजले असतील तर 'टक्' असा आवाज येतो. पुढच्या चाकांच्या किंगपिनला दर तीन हजार मैलांना ग्रीस लागतं. ते वेळच्या वेळी दिलं की नाही, हे स्टिअरिंग पाच मिनिटांत सांगतं. 'उत्तम निगा राखलेली' म्हणजे चकचकीत नव्हे. चकाकी आठवड्यात आणता येते. ग्रीस मात्र चाळीस वर्षं द्यावं लागतं.

एवढ्या गंजातून या गाड्या वाचल्या कशा? इथे 'हेरिटेज बॉडी' येते. एमजीबीची बॉडी दाबून काढणारे मूळ साचे भंगारात गेले नव्हते. ते शोधून जमवण्यात आले आणि १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने ॲबिंग्डन बंद झाल्यानंतर आठ वर्षांनी एमजीबीची कोरी बॉडी विकायला काढली. कुजलेली गाडी आणा, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, सीट, मीटर काढा आणि नव्या पत्र्यावर चढवा. मेलेल्या गाडीला नवं शरीर. साचे इतके उपयोगी ठरले की १९९२ मध्ये रोव्हरने त्याच बॉडीवर आधारलेली, व्ही-८ इंजिनाची आरव्ही-८ ही गाडी काढली. दोन हजारांच्या आसपास बनल्या आणि त्यातल्या बहुतेक जपानने घेतल्या.

पण मग १९७२ ची एमजीबी, जिची बॉडी १९९४ ची आहे, ती कोणत्या सालची? आजीच्या नथीतले मोती पुन्हा गाठवले, फासा बदलला, मग सोन्याची तारही नवी घेतली, तरी ती आजीचीच नथ राहते का? घरात आपण सहज 'हो' म्हणू. सोनार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये मात्र ते 'हो' पैशांत मोजलं जातं.

नेमका हाच वाद १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात उभा राहिला. गाडी होती 'ओल्ड नंबर वन' या टोपणनावाची बेंटली स्पीड सिक्स. हिने फ्रान्समधली ले माँची चोवीस तासांची शर्यत लागोपाठ दोनदा जिंकली. १९२९ मध्ये वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन, १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांच्या हाती. पुढच्या दोन वर्षांत शर्यतींसाठी तिचे भाग बदलत गेले. १९३२ मध्ये मोठं, आठ लिटरचं इंजिन बसवलं आणि त्याच वर्षी ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ती कठड्यावरून उडाली. चालक क्लाइव्ह डन्फी जागीच ठार झाला. त्या अवशेषांतून पुन्हा गाडी बांधली, ती बंद टपाची, रस्त्यावर चालवायची. आणि नंतर कित्येक वर्षांनी ती पुन्हा उघडी झाली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जुन्या गाड्यांच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या. एका कंपनीने ही बेंटली एक कोटी पौंडांना घ्यायचं कबूल केलं. मग किमती कोसळू लागल्या आणि खरेदीदाराने हात मागे घेतला. ही खरी 'ओल्ड नंबर वन' नाहीच, असं त्याचं म्हणणं. विक्रेता कोर्टात गेला.

न्यायमूर्ती ऑटन यांनी तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून गाडीचा अक्षरशः पंचनामा केला. १९२९ ला जिंकलेल्या गाडीतलं जवळपास काहीच उरलेलं नव्हतं. १९३० ला जिंकलेल्या गाडीतलं उरलं होतं ते पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंग कॉलम. १९३१-३२ चे भाग त्याहून बरेच जास्त. एवढ्यावर कुणीही म्हणेल की खरेदीदार जिंकला. पण न्यायमूर्तींनी उलट निर्णय दिला. ही गाडी 'मूळ' म्हणता येणार नाही, पण ती नक्कलही नाही, आणि कुणी नव्याने घडवलेली तर नाहीच नाही. ती कुठल्याही एका क्षणी संपली आणि दुसरी सुरू झाली असं झालेलं नाही. बदलत गेली, पण तिचा इतिहास कुठे तुटला नाही. म्हणून हीच अस्सल ओल्ड नंबर वन. खरेदीदाराने ठरलेले पैसे द्यावेत.

मला हा निकाल पटतो, पण त्यात एक मेख आहे. अखंड इतिहास सिद्ध करायला शेवटी कागद लागतात. बेंटलीकडे शर्यतींच्या नोंदी होत्या, फोटो होते, वर्तमानपत्रं होती. एखाद्या शिक्षिकेने १९७२ मध्ये घेतलेल्या गाडीकडे काय असणार? तिच्याकडे असते ती 'जाड फाइल'. सर्व्हिसची बिलं, दर वर्षीच्या तपासणीचे दाखले, टायरच्या पावत्या, बॉडी बदलताना काढलेले फोटो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याची जुनी रजिस्टरं आहेत. तिथून दाखला मागवता येतो : ही गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, इंजिन क्रमांक काय, पाठवली कुठे. त्या दाखल्यावर लाल लिहिलेलं असेल आणि गाडी निळी उभी असेल, तर विकणाऱ्याने निळ्याची हकिगत आधीच सांगितलेली बरी.

सरकारनेही या कोड्याचं आपलं गणित मांडलं होतं. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं अशी पद्धत होती की भाग बदललेल्या गाडीला जुना नोंदणी क्रमांक ठेवायचा तर आठ गुण हवेत. चासी किंवा बॉडीचे पाच, सस्पेन्शनचे दोन, ॲक्सलचे दोन, गिअरबॉक्सचे दोन, स्टिअरिंगचे दोन. आणि इंजिनाचा? एक. ज्याला आपण गाडीचं हृदय म्हणतो, त्याला सगळ्यांत कमी. बॉडी पूर्ण नवी असली तरी चालायचं, ती मूळच्याच बरहुकूम आणि पावतीसकट हवी. म्हणजे हेरिटेज बॉडीची १९७२ ची गाडी कागदोपत्री १९७२ चीच राहिली.

आणखी एक विचित्र गोष्ट. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची नाही. तरीही बरेच मालक पैसे भरून ती करून घेतात, कारण विकताना गिऱ्हाईक गाडीचा नंबर टाकून तपासणीचा सगळा इतिहास इंटरनेटवर बघतं. कोणत्या वर्षी गंज सापडला, कोणत्या वर्षी दुरुस्त झाला, दोन तपासण्यांमध्ये गाडी किती मैल चालली. आपल्याकडे ई-२० पेट्रोलवरून जो गदारोळ चालतो, तोही तिथल्या जुन्या गाडीवाल्यांना नवा नाही. २०२१ पासून तिथे साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं आणि जुन्या रबरी नळ्या बदलल्याची पावती फाइलमध्ये आली. त्याआधी शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या करून घेतल्याची पावती. फाइल वाचली की इंधनाचाही इतिहास कळतो.

हिशेब मात्र विकणाऱ्याच्या बाजूने कधीच जुळत नाही. नवी बॉडी, रंगकाम, इंजिनाची पुनर्बांधणी यांवर जेवढा खर्च होतो, तेवढे पैसे एमजीबी विकून येत नाहीत. ती लाखोंनी बनली होती, म्हणून दुर्मीळ नाही. आणि दुर्मीळ नाही, म्हणूनच तिचा प्रत्येक पार्ट आजही नवा मिळतो. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विक्रमी किमतीची फेरारी वातानुकूलित गोदामात बसते. एमजीबी रविवारी दूध आणायला जाते.

त्या पाच लाखांच्या आकड्याचं काय झालं? फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ दाखवली. दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, उघडा टप. ब्रिटिश रोडस्टरचा गोडवा जपान्यांनी नीट अभ्यासला आणि त्यातून गंज, गळणारं ऑइल आणि पावसात बंद पडणारी वायरिंग वगळली. २००० साली गिनीज बुकाने ती जगातली सर्वाधिक खपाची दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून नोंदवली. २०१६ मध्ये दहा लाखावी बनली. ॲबिंग्डनच्या कारखान्यात नव्या डिझाइनला पैसे मिळाले असते, तर कदाचित तीच गाडी तिथून निघाली असती.

आपल्याकडे एमजीबी फारशी आलीच नाही. ती बनत होती त्या काळात परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद होती. पण जुन्या गाडीची विक्री हा विषय आता आपल्या कायद्यातही आला आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे कायदा गाडीला वाचवतो, पण तिला दूध आणायला जाऊ देत नाही. गंज हा वापराने जितका चढतो तितकाच उभं राहूनही चढतो, हे नियम करणाऱ्यांना कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. घराघरांतल्या बजाज चेतक भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकलेल्या आपल्या पिढीने याबद्दल फार बोलूही नये.

राहिलं जाहिरातीतलं शेवटचं वाक्य : 'नाइलाजाने विक्री'. यामागे बहुधा गुडघे असतात. एमजीबीची सीट जमिनीपासून वीतभर उंचीवर. सत्तरीनंतर तिच्यात बसणं जमतं, बाहेर येणं जमत नाही. म्हणून व्यवहार ठरल्यावर, पैसे खात्यात आल्यावर, नवा मालक किल्ली घेऊन निघणार तोच म्हातारा त्याला थांबवतो. टप कसा घडी करायचा ते दाखवायचं राहिलेलं असतं. आधी काचेवरच्या दोन कड्या सोडायच्या, मग कडेची बटणं, मागची प्लॅस्टिकची खिडकी सपाट करून मध्ये जुनी चादर घालायची, नाहीतर चुरगळून ती दुधट होते. थंडीत कापड आकसतं, तेव्हा ओढाताण करायची नाही, थोडा वेळ उन्हात ठेवायचं. तो एकदा करून दाखवतो, मग नव्याला करायला लावतो. चादर तो गाडीतच ठेवतो.